पात्राचे पाप कोणाच्या खाती?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या नालासोपाऱ्याच्या घरी एक भांडण झाले. भांडणारे दोघेही एकोणीस-वीस वर्षांचे. एकाच वर्गात वाढलेले, एकाच लोकलने महाविद्यालयात जाणारे. कारण ऐकून आम्हांला प्रथम हसू आले. एकाने दुसऱ्याची मोत्यांची थैली चोरली होती. थैली कोठेच नव्हती आणि मोतीही नव्हते. जे काही होते ते वहीच्या एका पानावर शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. तरीही ज्याची थैली गेली तो मुलगा पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठला, पायांत चपला सरकवल्या आणि भर पावसात छत्री न घेता निघून गेला. आमचे हसू तेथेच विरले.

हा खेळ कसला, हे आमच्या बहुतेक वाचकांना सांगावे लागेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, त्याचे नाव, त्याचे बळ, त्याचे दोष आणि त्याची मालमत्ता कागदावर उतरवतो. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो सूत्रधार, जग त्याचे. 'मी दार उघडतो' असे खेळाडूने म्हटले की आत काय आहे ते सूत्रधाराने सांगायचे. जेथे यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकायचे; त्यांत एक वीस पैलूंचा फासा असतो, त्याचा रुबाब काही औरच. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट महिनोन्महिने चालते. इंग्रजी पुस्तकांतील राक्षस व किल्ले बाजूला ठेवून आमच्या पुतण्याने आपल्या मोहिमेसाठी जुने शूर्पारक निवडले होते, याचे आम्हांला मनातून कौतुक वाटे. ज्या बंदराचा उल्लेख 'पेरिप्लस'कार ग्रीक खलाशाने केला, ज्याला काही विद्वानांनी शलमोन राजाचे ओफीर मानले, ते आपल्या पायांखालचे सोपारे मुलांना निदान खेळात तरी दिसू लागले होते. आमच्यासारख्यांना तेथून जाताना रिक्षांची रांग तेवढी दिसते.

त्या मोहिमेत एक नावाडी होता आणि एक भुरटा. (मुलांची खरी नावे येथे नकोत, त्यांना आम्ही पात्रांच्याच नावांनी ओळखू.) नावाड्याची बहीण समुद्रपार कोणा व्यापाऱ्याकडे दासी होती. तिच्या सुटकेसाठी त्याने आठ महिने, म्हणजे आठ खऱ्या महिन्यांतील शनिवार खर्चून, मोती जमवले होते. भुरट्याने एका रात्री सूत्रधाराला गुपचूप चिठ्ठी दिली, फासा टाकला, तो अनुकूल पडला, आणि थैलीत मोत्यांच्या जागी खडे आले. हे कळले ते शूर्पारकाच्या धक्क्यावर, व्यापाऱ्यासमोर थैली उघडताना. सगळे खो खो हसले. नावाडीही क्षणभर हसला. पुढे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

भुरट्याचे म्हणणे एका वाक्यात संपत होते : "काका, मी काय करणार? माझे पात्रच तसे आहे."

हा लेख त्या एका वाक्याविषयी आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पात्रांमधील कलह हा या खेळात मागाहून शिरलेला रोग नाही. १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या युद्धखेळांच्या शौकिनाने नेपोलियनच्या काळातील ब्राऊनस्टाइन हे काल्पनिक जर्मन गाव रचले आणि जमलेल्या मित्रांना सैन्याच्या तुकड्यांऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकेचा मालक, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. ठरलेली लढाई राहिली बाजूला. दोन खेळाडू त्याच्याकडे आले आणि म्हणाले, आमच्या दोघांच्या पात्रांनी एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले आहे, आता काय? वेस्लीपाशी द्वंद्वाचा नियमच नव्हता. त्याला जागच्या जागी काहीतरी योजावे लागले. आपला प्रयोग फसला असे समजून तो घरी गेला. मित्रांना मात्र तसाच खेळ पुन्हा हवा होता. त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता, आणि त्याने गॅरी गायगॅक्ससह १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला छापील खेळ प्रसिद्ध केला. म्हणजे या खेळाच्या जन्मवेळी दोन मित्रांचे भांडणच सुईण म्हणून हजर होते.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी या खेळात भूतविद्या व सैतानपूजा असल्याचा मोठा गहजब केला. पत्रके निघाली, संघटना उभ्या राहिल्या, पालक धास्तावले. आमच्या मते ती माणसे चुकीच्या जागी राखण करीत बसली होती. कागदावरच्या राक्षसांनी कोणाचा आत्मा नेला नाही. खरा नैतिक प्रश्न टेबलाच्या अलीकडे, खुर्च्यांवर बसलेल्यांत होता, आणि तो बराच साधा व बराच जुना होता : मुखवटा घालून केलेल्या कृत्याचा धनी कोण?

एका अर्थाने उत्तर सोपे आहे. आमच्या धर्मग्रामात उपवासकाळात दुःखसहनाचे नाट्य होई. त्यात यूदासचे काम करणारा गृहस्थ तीस नाणी मोजून घेई, येशूच्या गालाचे चुंबन घेई आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे आपल्या वाडीत पाणी सोडायला जाई. त्याने पापनिवेदन करावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. कारण येशू झालेल्या माणसाला ते चुंबन येणार हे ठाऊक होते. किंबहुना ते न येते तर त्याचेही काम अडले असते. दोघे मिळून एकच गोष्ट पुढे नेत होते. तेथे विश्वासघात पात्रांचा होता आणि विश्वास माणसांचा.

यावर कोणी म्हणेल, ते लिहिलेले नाटक; टेबलावरच्या खेळात संहिता कोठे आहे? हा आक्षेप खरा आहे. म्हणून आपण कोकणातल्या दशावताराकडे जाऊ. नालासोपारा-विरारच्या इमारतींत सिंधुदुर्गातील पुष्कळ कुटुंबे राहतात, त्यांना हे सांगायला नको. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा मंडळींच्या खेळाला लिहिलेले संवाद नसतात. पुराणातले आख्यान आधी ठरते, कोणी काय व्हायचे ते ठरते, आणि मग राजा व राक्षस समोरासमोर येऊन उत्स्फूर्तपणे बोलू लागतात. शब्दाला शब्द भिडतो, पेच टाकले जातात, समोरचा निरुत्तर होतो की काय असे वाटते. तरीही जाणकार नट समोरच्याला असा पेच टाकतो की ज्यातून सुटताना त्याचे तेज वाढावे. राक्षस जेवढा जोरकस तेवढा राजा मोठा. ज्याला नुसतेच समोरच्याला पाडायचे असते तो नट एखादी रात्र गाजवतो. दुसऱ्या जत्रेला त्याच्यासमोर उभे राहायला कोणी राजी नसतो. संहिता नसली तरी करार असतो. तो लिहिलेला नसतो एवढेच.

आता भुरट्याच्या वाक्याकडे परत येऊ. 'माझे पात्रच तसे आहे.' पात्राला इच्छा नसते. त्याला भूक लागत नाही, मोह होत नाही, त्याची सदसद्विवेकबुद्धी टोचत नाही. हे सारे खेळाडूने त्याला उसने दिलेले असते. भुरट्या पात्राला त्या रात्री शंभर गोष्टी करता आल्या असत्या आणि त्यांतील प्रत्येक त्याच्या स्वभावाला धरूनच झाली असती. त्याने व्यापाऱ्याचा गल्ला फोडला असता. थैलीपर्यंत हात नेऊन, बहिणीचे आठवून, तो मागे घेतला असता. भुरट्यांनाही बहिणी असतात. त्या शंभरांतून एक निवडली ती कोणी? कादंबरीकार म्हणतात की पात्र आमच्या हातातून निसटले आणि आपल्या वाटेने गेले. असू शकेल. पण कादंबरीकाराच्या समोर, तीन फुटांवर, त्याच्या दुसऱ्या पात्राचा मालक चहा पीत बसलेला नसतो. या खेळात प्रत्येक पात्राच्या मागे एक माणूस आहे, आणि पात्राच्या थैलीतून जे जाते त्यातले काही त्या माणसाच्या खिशातून जाते. आठ महिन्यांचे शनिवार हे खरे शनिवार होते.

शुभवर्तमानात ढोंग्यांसाठी जो ग्रीक शब्द येतो, 'हिपोक्रितेस', त्याचा मूळ अर्थ रंगभूमीवरचा नट असा आहे. नटाचा धंदा तेथे निंदिलेला नाही, असे आम्ही समजतो. निंदा आहे ती खेळ संपल्यावरही मुखवट्याआडून बोलणाऱ्याची. चोरी करताना भुरटा पात्र होता. जाब विचारला तेव्हा तो आमच्या दिवाणखान्यात बसलेला एक मुलगा होता, आणि उत्तर मात्र पात्राच्या तोंडाने देत होता.

येथवर लिहून आम्ही त्या मुलावर अन्याय करीत आहोत की काय, अशी शंका येते. त्याची बाजू दुबळी नाही. कलहाशिवाय नाट्य नाही. जेथे सगळी पात्रे एकमेकांची परवानगी घेऊनच हालतात तो खेळ म्हणजे गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा होईल (आणि आमचा अनुभव असा की तेथेही चोऱ्या होतात). फसवणूक हाच ज्याचा प्राण आहे असे खेळही जगात आहेत. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकी गृहस्थाने १९५९ साली 'डिप्लोमसी' नावाचा पटावरचा खेळ काढला. त्यात फासे नाहीतच. वाटाघाटी करायच्या, वचने द्यायची आणि योग्य वेळी मोडायची. तेथे दगा खाणारा चरफडतो, पण मला का दगा दिला असे विचारण्याचा अधिकार त्याला नसतो, कारण तो बसतानाच हे जाणून बसला होता. म्हणून प्रश्न दगा द्यावा की देऊ नये असा नाही. कोणत्या खेळाला आपण बसलो आहोत, हे सगळ्यांना सारखेच ठाऊक होते का, असा आहे. नावाडी पाच सोबत्यांच्या मोहिमेवर निघाला होता. भुरटा एकटाच दुसरा खेळ खेळत होता, आणि चिठ्ठी गुपचूप दिली याचा अर्थ तेही त्याला ठाऊक होते.

डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ साली खेळावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे एक निरीक्षण आम्हांला विसरता येत नाही. लबाडीने खेळणाऱ्याला समाज पुष्कळदा माफ करतो, कारण तो निदान खेळ मानल्याचे सोंग करतो. खेळ मोडून उठून जाणाऱ्याला मात्र माफी नसते, कारण तो सगळ्यांचे मायाजाल फोडतो. त्या संध्याकाळी नेमके हेच घडले. नावाडी निघून गेल्यावर उरलेल्या तिघांचा राग भुरट्यावर नव्हता. 'खेळ आहे हे त्याला कळायला नको का?' असे ते म्हणत होते. आम्हीही मान डोलावली, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतताना पुतण्याने आम्हांला जे सांगितले ते तोवर आम्हांला ठाऊक नव्हते. नावाड्याच्या वडिलांनी नालासोपारा पूर्वेला घरासाठी भरलेले पैसे दोन वर्षांपूर्वी बुडाले होते. कागद हाती होते, घर नव्हते. मुलांना हे माहीत होते. थैली उघडली आणि आत खडे निघाले, तेव्हा त्या मुलाला काय दिसले असेल ते आम्ही सांगायला नको. उत्तर युरोपातील खेळाडूंनी या झिरपण्याला इंग्रजी शब्द स्वीकारला आहे, 'ब्लीड'. पात्राची जखम माणसाला आणि माणसाची पात्राला वाहते.

भुरट्याने हे मुद्दाम केले का? नाही. त्याच्या डोक्यातही ते आले नव्हते, आणि आमचा त्यावर विश्वास आहे. धर्मशिक्षणात आम्हांला शिकवले होते की गंभीर पापाला पूर्ण जाणीव व पूर्ण संमती लागते. भुरट्याकडे जाणीव नव्हती. पण डोक्यात न येणे हा दोष नव्हे, असे त्या शिकवणीत कोठेही म्हटलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'त खेळाला सद्गुणाच्या कक्षेत जागा दिली. खेळकरपणाचा अतिरेक जसा दोष तसा खेळात मुळीच न रमणे हाही दोष, असे ते म्हणतात. खेळात सौख्य शोधताना दुसऱ्याला अपाय करणाऱ्या शब्दांत व कृतींत ते शोधू नये, आणि खेळ माणसाला, काळाला व स्थळाला साजेसा असावा, अशा मर्यादाही त्यांनी घातल्या आहेत. 'माणसाला साजेसा' ही अट वाचायला सोपी वाटते. ती पाळायची तर समोर बसलेला माणूस कोण आहे हे पाहावे लागते, आणि खेळाच्या ऐन रंगात आपण नेमके तेच पाहत नाही.

ज्याने पाहिले आणि तरीही केले, असा एक माणूस आम्ही जवळून ओळखतो. तरुणपणी आमच्या गावच्या सणाला नाटक बसवले जाई. एका वर्षी सावकाराचे काम आमच्याकडे होते आणि कुळाचे काम शेजारच्या आळीतील एका समवयस्काकडे. त्याच्या घराशी आमचा बांधावरून वाद चालू होता. प्रयोगात संहितेत नसलेले एक वाक्य आम्ही त्याच्या तोंडावर फेकले. त्याच्या वडिलांनी गहाण टाकलेल्या शेताला उद्देशून. सगळ्या गावाला ते कळले, सगळा मंडप हसला. तो मात्र पुढचे वाक्य विसरला आणि पडद्याआडून आलेले शब्दही त्याला ऐकू आले नाहीत. नंतर रंग पुसताना आम्ही काय म्हणालो असू? 'अरे, सावकार असेच बोलणार ना!' त्याने आमच्याशी बोलणे सोडले. अकरा वर्षांनी त्याच्या वडिलांच्या मयताला आम्ही गेलो, तेव्हा त्याने हात हातात घेतला. पण तो हात घेताना त्याने आमच्याकडे पाहिले नव्हते, हे अजून आठवते. तो आता हयात नाही. भुरट्याचे वाक्य आम्हांला एवढे का खुपले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पुतण्याने सल्ला विचारला तेव्हा आम्ही चुकीचा सल्ला दिला. आम्ही म्हणालो, तू सूत्रधार आहेस. वादळ आण, भुरट्याच्या डोक्यावर वीज पाड, थैली समुद्रातून वर काढ. त्याने नकारार्थी मान हलवली. "काका, मग तो म्हणेल, सूत्रधाराने माझ्यावर सूड घेतला. आणि त्याचे खरेच असेल." मुलाची समज आमच्याहून पुढची निघाली. भांडण माणसांचे असताना शिक्षा पात्राला द्यायची, हा भुरट्याच्याच युक्तिवादाचा उलटा प्रकार झाला. तो पात्राआड लपला, आम्ही पात्राआडून मारा करू पाहत होतो. शिवाय त्या चिठ्ठीला होकार कोणी दिला होता? सूत्रधाराने. ते त्याने स्वतःहून सांगितले. थैलीत खडे निघाल्यावर कशी गंमत होईल या विचाराने आपणही त्या रात्री हरखून गेलो होतो, असे तो म्हणाला. आम्ही त्याला दोष दिला नाही. मंडपाच्या हशाची गोडी आम्ही चाखलेली आहे.

परदेशातील जुन्या खेळाडूंनी यावर काही रीती बसवल्या आहेत. मोहीम सुरू होण्यापूर्वी एक बैठक घ्यायची, तिला ते शून्यावी बैठक म्हणतात. तीत खेळायचे काहीच नाही, फक्त बोलायचे, की या गोष्टीत काय चालेल आणि काय नको. काही टेबलांवर सोबत्यावर हात उगारण्यालाच बंदी असते. ती रीत सुरक्षित खरी, पण आम्हांला थोडी गुळमुळीत वाटते. दुसरी एक रीत अधिक विचार करायला लावणारी आहे. एका खेळाडूच्या पात्राने दुसऱ्याच्या पात्राविरुद्ध काही केले, तर फासे टाकायचे नाहीत. ज्याच्याविरुद्ध ते केले गेले त्या खेळाडूनेच ते कसे संपले हे सांगायचे. मारणाऱ्याने हात उचलावा; तो लागला की नाही, किती लागला, हे मार खाणाऱ्याने ठरवावे. व्यवहारात आपण याच्या नेमके उलट करतो. शब्द फेकणारा म्हणतो, 'एवढे काय लागले तुला?' आणि किती लागावे याचे मापही त्याच्याच हाती असते.

सोपाऱ्याच्या ज्या भूमीवर ही मुले खेळतात तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या व करमणुकीच्या विहारयात्रांना जात, आपण आता धर्मयात्रेला निघतो, असा त्या लेखाचा आशय आहे. पुतण्याला तो ठाऊक होता. त्याच्या कथेत तो दगड नुकताच कोरला जात होता, आणि धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला छिन्नीचा आवाज ऐकू यायचा. आम्हांला ही कल्पना फार आवडली. तिचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध थोडा दूरचा आहे, तरी सांगितल्यावाचून राहवले नाही.

तीन शनिवार नावाडी आला नाही. चौथ्या शनिवारी भुरटा त्याच्या घरी गेला. तेथे काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलेही नाही. दोघे आले तेव्हा दोघांचेही कपडे पावसाने भिजले होते एवढे दिसले. पुतण्याने वही उघडली आणि सांगितले की ती रात्र पुन्हा खेळायची. भुरट्याने थैलीकडे हात नेला आहे, तेथपर्यंत सगळे तसेच राहील. पुढचे नावाडी सांगेल. फासा त्याने खिशात टाकला.

भुरटा मान खाली घालून बसला होता. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे. आम्हांला वाटले, हा मुलगा आता म्हणेल की मी जागा होतो, मी त्याचा हात धरला. किंवा म्हणेल, चोरी झालीच नाही.

नावाडी बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मी जागा होतो. तो थैली घेताना मी पाहिले. मी डोळे मिटून घेतले." सूत्रधाराने विचारले, "का?" तो म्हणाला, "ते त्याने मला विचारावे."

भुरट्याने विचारले नाही. निदान त्या शनिवारी तरी नाही. त्याने आपल्या कागदावरची मोत्यांची ओळ खोडरबराने पुसली, आणि पुसून झाल्यावरही तो कितीतरी वेळ त्या जागी बोट फिरवीत राहिला.